मदत हवी आहे: पांगलेल्या मैत्रिणींना मुंबईत भेटायचं कसं?

नमस्कार मंडळी,

जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही दोघं टोरांटोहून भारतात येतोय. केरळ, राजस्थान, नातेवाईक असा लांबलचक बेत आहे. मधले आठ-दहा दिवस नवरा नागपूरला भावाकडे असेल आणि मी एकटी पार्ल्याला मावसबहिणीकडे. हे दिवस मी फक्त शाळेतल्या मैत्रिणींसाठी राखून ठेवलेत.

आम्ही सगळ्या गिरगावातल्या, १९८३ची दहावी. निम्म्या जणी एकाच वाडीत राहायच्या, त्यामुळे भेटायला पायात चप्पलही घालावी लागत नसे. आता गिरगावात एकही उरलेली नाही. एक विरारला, एक दहिसरला, दोघी मुलुंडला, एक पनवेलला, एक बदलापूरला. मागच्या खेपेला मी प्रत्येकीच्या घरी गेले होते. प्रत्येकीकडे आधी पोहे, मग "अगं, जेवल्याशिवाय कुठे जातेस?", मग घड्याळाकडे बघत परतीची गाडी. गप्पा राहिल्याच. आता गुडघेही कुरकुरतात, पूल चढ-उतार नको वाटते.

म्हणून सगळ्यांनी एकदाच एके ठिकाणी भेटावं असं मनात आहे. कुठे, ते सुचवा. हॉटेलात तासाभरात वेटर बिल आणून ठेवतो, तिथे काय बोलणार? मुलुंडच्या एकीने तिच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवू म्हटलंय. जागा मोठी आहे, मनही मोठं आहे. पण आमच्यातल्या दोघींचे नवरे गेलेत. त्या येतील, हसतील आणि वाण द्यायची वेळ आली की स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातील. हे मला डोळ्यांसमोर दिसतंय आणि ते व्हायला नकोय.

खरा पेच बदलापूरच्या मैत्रिणीचा आहे. माझी शाळेतली बाकावरची शेजारीण. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सगळं हीच करते. ग्रुपवर फक्त अंगठे दाखवते. मी घरी येते म्हटलं तर म्हणाली, "घरी नको गं, मीच दादरला येते." पण दोन तासांपेक्षा जास्त थांबता येणार नाही म्हणते, म्हणजे जाण्या-येण्यातच जीव जाणार. मी हट्टाने तिच्याकडे जावं का? वाईट वाटेल का तिला?

आणि भेट म्हणून काय आणू? चॉकलेटं सोडून सांगा.

चौथी सीट:
ताई, रविवार आधी विसरा. मध्य आणि हार्बरवर बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमका तुमच्या भेटीचा वेळ. शिवाय जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईचे बरेच रस्ते बंद असतात. मधला वार धरा, अकराच्या पुढे.

जागा म्हणाल तर दादरला पर्याय नाही. विरार-दहिसर पश्चिमवरून, मुलुंड-बदलापूर मध्यवरून थेट. पनवेलवालीला कुर्ल्याला गाडी बदलावी लागेल, तेवढं तिला सोसावं लागेल. पश्चिमेला उतरा, टॅक्सीने शिवाजी पार्क. सकाळची चालणारी मंडळी पांगली की दुपारी कट्टा बऱ्यापैकी मोकळा असतो, कोणी उठवत नाही. रिक्षा मात्र शोधत बसू नका, ती माहीमच्या अलीकडे येतच नाही.

एसी लोकल घ्या. साध्या तिकिटावर चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं.

माहीमचा हलवा:
शिवाजी पार्कच्या कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही, गुडघ्याबरोबर कंबरही जाईल! राणीचा बाग बघा. भायखळा पूर्वेला स्टेशनपासून जवळ, भरपूर सावली, बाकडी, आणि शाळेची सहल तिथेच गेली असणार तुमची. बुधवारी बंद असतो, तेवढं सांभाळा. पेंग्विन आलेत आता, ते बघितले नाहीत तरी चालेल.

उल्हासकाठची:
मी बदलापुरातच राहते, आणि आईचं अंथरुणातलं सगळं मी केलंय, म्हणून लिहिते.

तिच्या घरी जाऊ नका. पाहुणा येणार म्हटलं की काय काय करावं लागतं सांगते. चादर बदलायची, म्हणजे पेशंटला एका कुशीवर वळवून अर्धी चादर आधी, अर्धी नंतर. डेटॉलने लादी पुसायची, खिडक्या उघडायच्या, तरी वास राहतोच. मग पाहुण्यांसमोर आतून हाक आली की उठायचं. तुम्हाला काही वाटणार नाही हो, पण ती दोन तास तुमच्याशी न बोलता तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसेल. दादर म्हणजे तिची सुटी आहे, ती हिरावून घेऊ नका.

वाढवायचे तर तिचे तास वाढवा. दिवसभरासाठी बसणारी मावशी मिळते, पण अनोळखी बाईवर सोपवून येताना जीव घरात अडकतो. ग्रुपमधल्या कोणाची बहीण, वहिनी, लेक अंबरनाथ-बदलापूरकडे आहे का बघा. ती आधी दोनदा नुसती जाऊन बसली, सासूबाईंना चेहरा ओळखीचा झाला, की तुमच्या दिवशी मैत्रीण निश्चिंत निघेल. पैशाचं तुम्ही परदेशातून बोलू नका, दुखावेल. मुलुंडवालीला बोलू द्या.

आणि तिला कर्जत किंवा बदलापूर गाडीची धास्ती नाही, रोजची सवय असते आम्हाला. गर्दी सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी परतीला. ती अकरानंतर निघून चारपर्यंत परतीच्या गाडीत बसली तर खिडकीसुद्धा मिळेल.

आंबटगोड:
हळदीकुंकवाचा विषय काढल्याबद्दल आभार. आमच्या सोसायटीत आता सगळ्यांनाच वाण आणि तिळगूळ देतात, कुंकू हवं तिने लावावं. दोन वर्षं कुजबुज झाली, मग थांबली. तुमच्या मैत्रिणीला सरळ सांगा, तिच्या लक्षातही आलं नसेल.

भेटीचं म्हणाल तर तिकडचं काही आणू नका, इथे सगळं मिळतं आणि निम्म्यांना मधुमेह असणार. तुमच्याकडे शाळेचे फोटो असतील तर मोठे प्रिंट काढून आणा. चाळ सोडताना इथल्यांचे अल्बम कुठे गेले कोणालाच माहीत नसतं.

मूळ धागाकर्ती:
उल्हासकाठची, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. घरी जाणार नाही. पनवेलवालीची भाची अंबरनाथला असते, नर्सिंग केलेली आहे. आज रात्री पनवेलला फोन करते.

बाग की पार्क हे त्यांच्यावर सोडते, माझं मत बाकड्यांना. मुलुंडला हळदीकुंकवाबद्दल मीच बोलेन.

एक राहिलं. मला एकदा एकटीने गिरगाव बघून यायचंय. भुयारी मेट्रो आता तिथे थांबते म्हणे. पार्ल्याहून कशी पकडू?

चौथी सीट:
पार्ले पूर्वेहून रिक्षाने विमानतळ टी-१चं मेट्रो स्थानक गाठा. तिथून गाडी न बदलता थेट गिरगाव. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, गुडघ्यांची काळजी नको. जमिनीखाली फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा बहिणीला आत शिरण्याआधीच फोन करा. रिक्षासाठी सुटे पैसे ठेवा, परदेशी कार्ड तिथे चालणार नाही.