गाडी गरम झाली की मिसिंग (सिलिंडर नीट पेटत नाही), थंड असताना ठणठणीत. मदत हवी आहे

2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. 1.2 लिटर, चार सिलिंडर, 96 हजार किमी झालेत. पाच वर्षांपूर्वी बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. बायको रोज वाईहून शिरवळला शाळेत जाते, तीच चालवते.

सकाळी बोगद्यातून जाताना गाडी मस्त पळते. शाळेपाशी पोचल्यावर आयडलिंगला किंचित थरथर जाणवते, एवढंच. खरा त्रास संध्याकाळी. खंबाटकीचा घाट चढताना पिकअप मरतो, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके मारते, चेक लाइट लुकलुकते. घाट उतरून सुरूर फाट्याला वाईकडे वळायला थांबलं की स्टिअरिंग इतकं थरथरतं की आरशातल्या मागच्या ट्रकचा नंबर वाचता येत नाही. रेस धरून 2500 आरपीएमच्या वर ठेवली की बरीच सरळ होते. घरी आणून दोन तास उभी केली की पुन्हा जशीच्या तशी छान.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. चारही प्लग नवे, थ्रॉटल बॉडी साफ, एअर फिल्टर नवा. स्कॅनरला कायम पी 0303 येतो, म्हणजे 3 नंबरचा सिलिंडर. गॅरेजवाला म्हणतो चारही इंजेक्टर बदला, नाही गेलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. खर्च 38 हजारांच्या घरात. पैसे घालायला ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय घालायचे नाहीत. बायको अंधार पडताना एकटी घाट चढते, गाडी मध्येच बंद पडली तर काय, याची रोज धास्ती असते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद
गरम झाल्यावरच मिसिंग म्हटलं की आधी इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग. आतलं इन्सुलेशन तडकलेलं असतं, थंड असताना ठिणगी देतं आणि तापलं की दगा देतं. 3 ची कॉइल 2 वर लावा, 2 ची 3 वर. कोड पुसा आणि गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा. पी 0302 आला तर कॉइल गेली. एक विनंती, लाइट लुकलुकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग) जळतं आणि तो वितळतो. मग 38 हजारही कमी पडतील.

धागाकर्ता
आज 2 आणि 3 च्या कॉइलची अदलाबदल करून स्वतः घाट चढून आलो. कोड 3 वरच. म्हणजे कॉइल निर्दोष. आणखी एक, सीएनजीवर आणि पेट्रोलवर त्रास अगदी सारखाच आहे.

प्रतिसाद
दादा, ही शेवटची ओळ तुम्ही सुरुवातीलाच लिहायला हवी होती. तुमच्या किटमध्ये गॅसचे इंजेक्टर वेगळे असतात. दोन्ही इंधनांवर एकाच सिलिंडरला सारखाच त्रास असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर बदलून काही साधणार नाही. तो खर्च थांबवा.

टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग, त्यात थोडी फट ठेवतात) कधी सेट केले होते?

धागाकर्ता
कधीच नाही. विचारलं होतं, पण गॅरेजवाला म्हणाला, इंजिनाचा आवाज एवढा शांत आहे, टॅपेट वाजत नाहीत, हात कशाला लावायचा.

प्रतिसाद
तिथेच गोची आहे. सैल टॅपेट वाजतो, घट्ट झालेला गप्प बसतो. पेट्रोलचा थोडा ओलावा व्हॉल्व्ह आणि सीटला (व्हॉल्व्ह टेकतो ती बैठक) मिळतो, गॅस कोरडा जळतो. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. थंड असताना जेमतेम फट उरलेली असते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतं. आयडलिंगला गळायला वेळ जास्त मिळतो म्हणून थरथर जास्त, रेसवर कमी. तुमची लक्षणं याला तंतोतंत जुळतात.

कॉम्प्रेशन थंड आणि गरम, दोन्ही वेळा बघा. बहुतेक गॅरेजवाले गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बघतात आणि सगळं ओके सांगतात. गरम असताना 3 नंबर पडला तर लीकडाउन करा, म्हणजे प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा. गरम इंजिनावर प्लग काढताना मात्र हात जपा, आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं असतं, प्लगचे आटे जपून.

धागाकर्ता
दुसऱ्या गॅरेजला नेली, शेजारी उभा राहून सगळं करून घेतलं. थंड असताना चारही 165 ते 175 पीएसआय. घाटातून आणून लगेच लावलं तर बाकी तीन तसेच, 3 नंबर 95. हवा सोडल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर तळव्याला झुळूक लागत होती. रात्रभर गाडी थंड केली, सकाळी कव्हर उघडलं. 3 च्या एक्झॉस्टमध्ये फट मोजायची 0.05 मिमीची पाती सुद्धा ओढूनताणून गेली. मॅन्युअलप्रमाणे चारही सिलिंडरचे टॅपेट सेट केले. आता गरम असताना 3 नंबर 150 दाखवतो. चार दिवस झाले, घाटात एकदाही लाइट लागलेली नाही. बायकोनेच काल सांगितलं, सुरूर फाट्याला गाडी चालू आहे की बंद हे बघायला काटा बघावा लागला.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. एकच विचारायचंय, 150 वर समाधान मानावं की हेड उतरवावं?

प्रतिसाद
आत्ता उतरवू नका. 10 हजार किमीनंतर थंड गाडीवर फट पुन्हा मोजा आणि आकडा डायरीत लिहून ठेवा. 3 नंबरची फट तेवढ्यात पुन्हा आवळली असेल तर सीट खचते आहे, मग हेड काढून सीट आणि व्हॉल्व्हचं काम करावंच लागेल. तशीच राहिली तर निर्धास्त चालवा. आणि रोज पहिले चार-पाच किमी पेट्रोलवर जाऊ द्या.