304 वाले रिक्षाने श्रीलंकेला (सोसायटी ग्रुप, शनिवार रात्र ते रविवार दुपार)

304 दादा: नमस्कार मंडळी, ग्रुपचा विषय नाहीये माहितीये पण विचारतो. ऑगस्टमधे आम्ही दोघं श्रीलंकेला चाललोय, 9 दिवस 8 रात्री, बजेट तिकिटांसकट 1 लाख त्याच्यावर एक रुपया नाही. पॅकेजवाले नकोत, स्वतः चालवत फिरायचंय. प्लॅन असा की नेगोम्बो, मग वर जाफना, तिथून सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, मिरिसा, गॉल, कोलंबो. कोणी गेलं असेल तर सांगा.

304 वहिनी: काय चालवत फिरणार ते पण लिही ना

304 दादा: तिकडे टूरिस्टला टुकटुक भाड्याने मिळते, सेल्फ ड्राइव्ह

203 पार्टी: म्हणजे रिक्षा. भांडुप स्टेशनला रिक्षा मिळत नाही म्हणून माणूस श्रीलंकेत जाऊन स्वतः चालवणार 😂

चेअरमन काका: सर्व सभासदांना विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा. उद्या टाकी सफाई असल्याने पाणी सकाळी 10 ते 4 बंद राहील. टँकर सांगितला आहे.

102 काकू: अगंबाई रिक्षातून?? पाऊस आला तर. बरं ते जाऊ दे, अशोकवाटिका बघून या नक्की आणि मला फोटो पाठवा

501 ताई: आम्ही गेल्या वर्षी गेलो होतो, गाडी आणि ड्रायव्हर घेऊन, पण रस्ते तेच ना म्हणून सांगते. 304, तुझा प्लॅन 9 दिवसांचा नाही, महिन्याचा आहे. नकाशावर देश छोटा दिसतो म्हणून सगळे फसतात, आम्ही पण फसलो. तिकडे किलोमीटर बघायचेच नाहीत, तास बघायचे. कँडी ते नुवारा एलिया 80 सुद्धा नाही आणि आम्हाला कारने तीन तास लागले, सगळा घाट, पुढे बस आणि मागे बस. रिक्षाला तर स्पीड लिमिटच 40 आहे आणि एक्स्प्रेसवेवर तीनचाकी घेतच नाहीत, म्हणजे तो गॉलचा भारी रस्ता तुझ्यासाठी नाहीच. जाफना कोलंबोपासून 400 किमी आहे. रिक्षाने. चारशे. विचार कर.

501 ताई: आणि दुसरं म्हणजे ऑगस्ट. मे ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य मान्सून तिकडे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर असतो, मिरिसा गॉलचा समुद्र खवळलेला, व्हेल बघायच्या बोटीसाठी तिथला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल. पण मधे डोंगर आहेत ना, त्यामुळे पूर्वेचा किनारा त्याच वेळी कोरडा. महाबळेश्वरला कोसळतो आणि माण-खटावला टँकर, तसंच समज. डिसेंबरात उलटं होतं, पूर्वेला पाऊस आणि गॉलला ऊन. तू ऑगस्टमधेच जाणार असशील तर समुद्र त्रिंकोमालीचा बघ.

304 वहिनी: मग नाइन आर्च ब्रिज??? मी फक्त त्या पुलासाठी हो म्हटलं होतं

501 ताई: पूल छान आहे गं, 1921 चा, अजून ट्रेन जाते वरून. पण तो एल्लाला, म्हणजे कँडीपासून रिक्षाने एक अख्खा दिवस जायला आणि एक यायला. शिवाय गंमत त्या ट्रेनमधे बसण्याची आहे आणि रिक्षा काही ट्रेनमधे घेता येत नाही. म्हणजे एकाने ट्रेनच्या दारात बसून फोटो काढायचे आणि दुसऱ्याने त्याच वेळी घाटातून रिक्षा न्यायची. लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?

304 वहिनी: चार. मी ट्रेनमधे.

304 दादा: हे ठरलं कधी

404 काका: त्रिंकोमालीला मी जहाजावर असताना दोनदा गेलोय. बंदर काय आहे, नैसर्गिक, खोल, आत गेलं की वारा बंद. वरती कड्यावर कोणेश्वराचं मंदिर, समुद्र सरळ खाली, जुनं पोर्तुगिजांनी पाडलं होतं आत्ताचं नंतर बांधलेलं. जवळच कन्निया म्हणून गरम पाण्याच्या सात विहिरी आहेत, आपलं वज्रेश्वरी गणेशपुरी समजा, फक्त कुंडात उतरायचं नाही, बादलीने काढून अंगावर घ्यायचं, प्रत्येक विहिरीचं पाणी वेगळं गरम. रावणाने आईच्या क्रियाकर्मासाठी काढलं म्हणतात. 102 काकू तुमच्यासाठी हे बघा रामायण

102 काकू: रावणाचं नको, सीतेचं सांगा

501 ताई: काकू ते सीता एलिया, नुवारा एलियाच्या पुढे. या रूटमधे नाही बसणार हो

102 काकू: मग काय उपयोग. आणि खाणार काय तिथे, मला म्हणे सगळीकडे मासे

501 ताई: शाकाहारी आरामात मिळतं. भात आणि चार-पाच भाज्या, नारळाच्या दुधातलं मसूरचं वरण त्याला परिप्पू म्हणतात, आप्पे नाही पण आप्पम असतात तसे हॉपर्स, कवठाचं सरबत, केशरी शहाळं. फक्त एक, ती ओल्या खोबऱ्याची लाल चटणी असते ना पोल सांबोल, दिसायला आपली चटणी, मी पहिल्या दिवशी दोन वाट्या खाल्ली आणि मग मालकीण बाई म्हणाल्या यात सुका मासा कुटून घालतो, उंबलकडा. बारीक भुगा असतो, दिसत नाही. माझा उपास होता. तेव्हापासून बसल्या बसल्या आधी "मालू एपा" म्हणायचे, म्हणजे मासा नको.

203 पार्टी: ताई उपासाला चटणी दोन वाट्या

501 ताई: खोबरं होतं!!

404 काका: दारूचं कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, प्रत्येक पौर्णिमेला तिकडे सुट्टी, पोया म्हणतात, त्या दिवशी कुठेच विकत मिळत नाही. तारीख बघून जा.

501 ताई: पौर्णिमेवरून आठवलं, कँडीची ती हत्तींची मोठी मिरवणूक, पेराहेरा, साधारण आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास संपते. बघायला मिळाली तर भारीच पण त्या दिवसांत कँडीत रूमचे भाव विचारू नकोस. एकतर त्यासाठीच जा आणि आत्ता बुक कर, नाहीतर त्याच्या आधी जाऊन या. बजेट 1 लाख म्हणतोस म्हणून सांगते.

रिक्षावाले मामा: मला टाईप नाही होत नीट तरी लिहितो. 22 वर्षं चालवतोय. 304 तू जुनी चेतक चालवली आहेस का. नसेल तर आधी शीक. तिकडे बहुतेक बजाजच, आपल्याच. क्लच डाव्या हातात, गिअर पण त्याच मुठीत फिरवायचा, ब्रेक उजव्या पायाखाली. कारवाले पहिल्या दिवशी डाव्या पायाने क्लच शोधतात आणि गाडी बंद पाडतात. वळणावर जोरात घेतली तर आतलं चाक उचलतं, मागे वजन कमी असेल तर लवकर. बॅगा मागच्या सीटवर दोन्ही बाजूला सारख्या ठेवायच्या, ट्रॉली बॅग नको, सॅक न्या आणि दोरीने बांधा कारण रिक्षाला दार नाही, सिग्नलला कोणीपण हात घालेल. उतारावर न्यूट्रल करायची नाही. पेट्रोल वाचतं म्हणून करतात लोक आणि मग ब्रेक तापून लागत नाही. ज्या गिअरमधे चढ चढला असता त्याच गिअरमधे उतरायचं.

304 दादा: मामा तुमची रिक्षा शिकायला मिळेल का कंपाउंडमधे

रिक्षावाले मामा: उद्या सकाळी 7. क्लच जाळलास तर प्लेट तुझ्याकडून.

चेअरमन काका: कंपाउंडमध्ये वाहन शिकवणे नियमात बसत नाही.

203 पार्टी: चेअरमन साहेब मागच्या महिन्यात तुमचा मुलगा बुलेट शिकत होता

*या मेसेजनंतर चेअरमन काकांनी एक मेसेज डिलीट केला.*

304 वहिनी: लायसनचं काय, आपल्या लायसनवर चालते का तिकडे?

501 ताई: नाही. आमच्या हॉटेलला एक पुण्याचं कपल होतं टुकटुकवालं, त्यांच्याकडून कळलं. आधी इकडून आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचं, परिवहनच्या साइटवर फॉर्म भरून, आपल्याला वडाळा आरटीओ, फी 1000 प्रत्येकी, वर्षभर चालतं. पण नुसतं आयडीपी तिकडे पुरत नाही, तिकडची मान्यता वेगळी घ्यावी लागते. ज्यांच्याकडून रिक्षा घ्याल ते आधी फोटो कागद मागवून हे करून ठेवतात, त्याचे पैसे वेगळे, म्हणून शेवटच्या आठवड्यात करायचं काम नाही हे. दोघांचंही काढा. एकटा माणूस रोज चार तास रिक्षा चालवून संध्याकाळी कोणाशी धड बोलत नाही, त्या पुण्याच्या कपलचं तेच झालं होतं, ती वेगळ्या टेबलवर जेवत होती.

304 वहिनी: दोघांचं काढतो. फिक्स.

601 सीए: मी हिशोब टाकतो. 501 ताईंना फोन केला होता, त्यांनी सांगितलेले गेल्या वर्षीचे भाव धरतोय. विमान दोघांचं जाऊन येऊन 41000 (304 ने काढून ठेवलंय). होमस्टे 8 रात्री, 2000 ने 16000. रिक्षा 7 दिवस, 1600 ने 11200. पेट्रोल, ताई सुचवतायत त्या रूटचे साधारण 600 किमी, 25 चं अॅव्हरेज धरून 24 लिटर, तिकडचे 300 रुपये लिटर म्हणजे 7200, आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीन धरले तर आपले 2100 च्या आत. जेवण दोघांचं रोज 1400, आठ दिवस 11200. तिकिटं वगैरे 8000. लायसन दोन्हीकडचं मिळून 6000. टोटल 95500. उरले 4500. इन्शुरन्स कुठाय?

304 दादा: इन्शुरन्स लागतो?

601 सीए: बाबा रे. तिकिटाबरोबर 200-300 रुपयांत टिक मारतात तो नाही, नीट वाचून घे, तीनचाकी स्वतः चालवताना अपघात झाला तर कव्हर आहे का ते विचारून लेखी घे. आणि तिकडचं लायसन नसेल तर कुठलाच क्लेम मिळणार नाही. त्या 4500 मधला पहिला खर्च हाच.

501 ताई: सिगिरियाचं तिकीट महाग आहे पण सार्क देशवाल्यांना (म्हणजे आपण शेजारी देश) सवलत आहे, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा, हॉटेलवर नाही. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, सकाळी उघडल्या उघडल्या चढा, उन्हात नाही आणि वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत तिथे आरडाओरडा नाही. समोरच पिदुरंगला म्हणून दुसरा खडक आहे, तिकीट अगदी थोडं, आणि सिगिरिया तिथूनच दिसतो. पैसे कमी पडले तर मी म्हणेन फक्त तोच चढा. यूपीआय 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालंय तिकडे पण रस्त्यावरच्या टपरीवाल्याकडे त्याच्या भरवशावर राहू नका, कॅश ठेवा. ईटीए, म्हणजे तिकडे जायची ऑनलाइन परवानगी, सरकारी साइटवरूनच भरा, सर्चमधे वर एजंट लोकांच्या साइट येतात त्या जास्त पैसे घेतात.

501 ताई: रूट असा कर. नेगोम्बो (एअरपोर्टच्या जवळच आहे, पहिली रात्र तिथेच, उतरल्या उतरल्या रिक्षा घेऊन निघू नको) ते सिगिरिया साधारण 150. सिगिरिया ते त्रिंको 100. त्रिंको ते पोलोन्नारुवा 120 धर. तिथून डंबुल्ला माताले करत कँडी 140. कँडी ते नेगोम्बो 100-110. झाले 600 च्या जरा वर. रोज चालवायचं नाही, त्रिंकोला तीन रात्री.

404 काका: सिगिरिया ते त्रिंको वाटेवर हबराना आहे, त्याच्या आसपास हत्ती रस्त्यावर येतात. जंगली. अंधार पडायच्या आत मुक्कामाला. तो उभा असेल तर हॉर्न नाही, फोटो नाही, केळी तर अजिबात नाही, लांब थांबायचं आणि दुसऱ्या मोठ्या गाडीच्या मागून जायचं. रिक्षा त्याच्यासाठी डबा आहे.

304 वहिनी: 🙄 पुलाच्या बदल्यात हत्ती

501 ताई: हत्ती बघायचे तर ऑगस्टमधे मिन्नेरिया नॅशनल पार्कला कळप जमतात, तळ्याचं पाणी ओसरून गवत उगवतं म्हणून. पोलोन्नारुवाच्या वाटेवरच आहे. तिथे मात्र जीपने जा, रिक्षा गेटबाहेर. पुलापेक्षा चांगले फोटो येतील, लिहून देते.

304 दादा: ठरलं तर मग. एल्ला पुढच्या वेळी, डिसेंबर-जानेवारीत. थँक्यू ताई, मामा, काका

102 काकू: पुढच्या वेळी मी पण येईन, मागे बसेन

*रविवार*

203 पार्टी: सकाळी 7 पासून खाली फटफट चालू आहे, सुट्टीच्या दिवशी झोपू द्या. 304 दादांनी आत्तापर्यंत सहा वेळा बंद पाडली, मी मोजतोय

रिक्षावाले मामा: सात

रिक्षावाले मामा: वहिनींचं बरं आहे. स्कूटर चालवलेली आहे त्यामुळे हात बसला. तीन राऊंड मारले एकदा पण बंद नाही. 304 ला म्हटलं तू मागे बसून नकाशा बघ

304 दादा: मामा ग्रुपवर नको

चेअरमन काका: गेटसमोर रिक्षा आडवी कोणाची आहे? टँकर बाहेर उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. ताबडतोब काढावी.

304 वहिनी: काका दोन मिनिटं, रिव्हर्स सापडत नाहीये. मामा चहाला वर गेलेत

रिक्षावाले मामा: सीटच्या बाजूला दांडा आहे तो ओढा. आलो