मदत हवी आहे: आइन्स्टाइन-झिलार्ड यांच्या फ्रिजचा पंप अणुभट्टीपर्यंत कसा पोहोचला? जुनी पेटंटं आणि अणुसंशोधन अहवाल कसे शोधायचे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसी ट्रेडला शिकवतो. संस्थेच्या वार्षिक अंकासाठी एक मोठा लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी अडकलोय. पेटंट, ग्रंथालयं, अणुऊर्जा यांतली जाणती माणसं इथे आहेत, म्हणून हा धागा. थोडं लांबेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

१९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड नाहीतर मिथिल क्लोराइड भरलेलं असायचं. तिन्ही विषारी. बऱ्याच यंत्रांत मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा आणि मधे पट्टा. कॉम्प्रेसरचा शाफ्ट जिथून बाहेर निघतो तिथलं सील झिजलं की गॅस थेट घरात. गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर ज्यांनी खोललाय त्यांना हे सील माहीत असेल: कार्बनची रिंग, मागून तिला दाबून धरणारी स्प्रिंग आणि घासून आरशासारखी झालेली स्टीलची बाजू. त्या आरशावर केसाएवढी रेघ उठली तरी आधी तेलाचा ओलावा दिसतो आणि तेलामागोमाग गॅस निघतो. बर्लिनमध्ये अशाच गळतीनं एक अख्खं कुटुंब झोपेत गेलं. ती बातमी वाचून आइन्स्टाइन हळहळले आणि तरुण भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्याबरोबर सुरक्षित फ्रिजच्या मागे लागले. साल १९२६. आइन्स्टाइन स्वतः १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कार्यालयात होते, तेव्हा पेटंटातले दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते, कसे लिहायचे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दोघांचा विचार सरळ होता. सील गळतं कारण शाफ्ट फिरतो, म्हणून फिरणारा भागच नको.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इंटरनेटवर जवळपास सगळीकडे ती घोळलेली आहे. 'आइन्स्टाइनचा फ्रिज' म्हणून जे अमेरिकन पेटंट दाखवतात (क्र. १७८१५४१, दाखल डिसेंबर १९२७, मंजूर ११ नोव्हेंबर १९३०), त्यात हा पंप नाहीच. तो ब्यूटेन, अमोनिया आणि पाणी यांवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज आहे, उष्णतेवर चालणारा, आणि तो इलेक्ट्रोलक्सकडे गेला. मला हवा असलेला पंप वेगळ्याच पेटंटांत आहे, उदाहरणार्थ ब्रिटिश क्र. ३०३०६५. स्टीलची बंद नळी, आत द्रवरूप धातू, बाहेर तारांची वेटोळी. वेटोळ्यांतल्या प्रवाहानं सरकतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तो धातूच पिस्टनसारखा पुढेमागे ढकलला जाऊन गॅस दाबतो. बाहेरून आत काहीच जात नाही, त्यामुळे सील नाही आणि गळायला जागाही नाही. धातू म्हणून सोडियम-पोटॅशियमचं मिश्रण, जे साध्या तापमानालाही द्रव राहतं. बर्लिनच्या एईजी कंपनीनं नमुना बनवला, १९३१ च्या जुलैअखेर तो सुरू झाला. पण आवाज मोठा, वीज जास्त खाणारा, त्यात मंदी, आणि १९३० मध्ये फ्रिऑन हा बिनविषारी गॅस जाहीर झालेला. १९३२ मध्ये काम थांबलं. पुढच्याच वर्षी झिलार्ड यांनी जर्मनी सोडली.

आणि मग हाच प्रकार १९५० नंतर द्रव धातूनं थंड होणाऱ्या अणुभट्ट्यांत दिसतो! सोडियम पाण्याला लागला की पेटतो, भट्टीतला सोडियम किरणोत्सारीही होतो, म्हणजे तिथे तर सील नकोच. 'फ्रिजचा पंप भट्टीत गेला' हे वाक्य मी दहा ठिकाणी वाचलं, पण कुणीही मधला कागद दाखवत नाही. मला तो कागद हवा आहे. १९२८ च्या आसपासचं पेटंट आणि १९५० चा अहवाल यांना जोडणारा एखादा संदर्भ, एखादी तळटीप. की हे दोन वेगळ्या माणसांनी दोनदा शोधलं? विद्यार्थ्यांना मी ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगणार नाही.

अहवालांचे क्रमांक मला अजिबात उलगडत नाहीत, जर्मन येत नाही. जवळच्या शहरात एका जुन्या ग्रंथालयात मायक्रोफिशचे (पानांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मचे) खोके आहेत, पण वाचायचं यंत्र बंद आणि दुरुस्तीचा विषयच निघत नाही. सुरुवात कुठून करू?

---

दावा_पहिला

कृष्णाकाठ सर, धागा वाचून फार आनंद झाला. मी पुण्यात पेटंट शोधाचं काम करते, त्या बाजूचं सांगते.

आधी दिलासा: ३०३०६५ ब्रिटिश आहे, म्हणजे इंग्रजीतच आहे. एस्पेसनेट या युरोपियन पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'जीबी' लावून क्रमांक टाका, मधे स्वल्पविराम नको. शब्द टाकून शोधू नका. त्या काळच्या बऱ्याच पेटंटांची नुसती छायाचित्रं चढवलेली आहेत, मजकूर शोधात येतच नाही. जुन्या कामाला क्रमांक आणि वर्गीकरण हेच धरायचं. वर्ग 'एच०२के ४४/०२' म्हणजे द्रव धातूचे विद्युतगतिक पंप. ४४/०४ मध्ये प्रवाह थेट धातूतून जातो ते, ४४/०६ मध्ये प्रेरणेवर चालणारे. जुन्या पेटंटांनाही हे वर्ग नंतर लावलेले आहेत, त्यामुळे १९६० पर्यंतची मर्यादा घातली की यादी आटोक्यात येते.

आता तुमच्या तळटिपेबद्दल. अमेरिकन पेटंटांच्या शेवटी परीक्षकानं पाहिलेल्या आधीच्या पेटंटांची यादी छापायला १९४७ मध्ये सुरुवात झाली. त्याआधीच्यात ती मिळणारच नाही. म्हणून १९४७ नंतरची पंपाची पेटंटं काढा, विशेषतः ज्यांत हक्कदार म्हणून अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग आहे, आणि प्रत्येकाचं शेवटचं पान वाचा. परदेशी पेटंटं तिथे देशाच्या नावासह वेगळी दिलेली असतात. ग्रेट ब्रिटन ३०३०६५ तिथे सापडलं, तर परीक्षकाला जुना पंप माहीत होता एवढं छापील सिद्ध झालं. मात्र त्यावरून संशोधकाला तो माहीत होता असं म्हणता येणार नाही, तेवढं लेखात जपा.

आणखी एक: क्रम लावताना मंजुरीची तारीख धरू नका, दाखल केल्याची धरा. अणुसंबंधी पेटंटं वर्षानुवर्षं गुप्त ठेवली जात. फर्मी आणि झिलार्ड यांचं अणुभट्टीचं पेटंट (२७०८६५६) १९ डिसेंबर १९४४ ला दाखल झालं आणि १७ मे १९५५ ला मंजूर. झिलार्ड यांचं साखळी अभिक्रियेचं ब्रिटिश पेटंट १९३४ चं, ते त्यांनी ब्रिटिश नौदलाकडे सोपवलं, छापून आलं १९४९ मध्ये. मंजुरीच्या तारखा लावल्या तर कथा उलटीच दिसेल.

---

इझारच्या_काठी

जर्मनची जबाबदारी माझी. म्युनिकमध्ये राहते, तांत्रिक जर्मन रोज वाचावं लागतं. जर्मन पेटंट कार्यालयाच्या डेपाटिसनेटवर जुनी पेटंटं फुकट उतरवता येतात. तुम्ही क्रमांक कळवत जा, मी दाव्यांचा भाग मराठीत करून देईन.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिल्या पानावर दोन तारखा असतात. एक, ज्या दिवसापासून हक्क लागू झाला ती, आणि दुसरी, पेटंट छापून बाहेर आलं ती. दोन्हींत काही वर्षांचं अंतर असू शकतं, लोक सर्रास चुकीची उचलतात. दुसरं, १९३६ च्या कायद्याआधी जर्मन पेटंटावर संशोधकाचं नाव देण्याचं बंधन नव्हतं, अर्जदाराचंच नाव असे. आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनी अर्ज स्वतःच्या नावानं केले म्हणून ते दिसतात. एईजीच्या नावानं काही दाखल झालं असेल तर प्रत्यक्ष यंत्र उभं करणारा अभियंता, म्हणजे आल्बर्ट कोरोदी, त्यात दिसणार नाही. तेव्हा फक्त या दोन नावांनी शोधलंत तर अर्धं काम निसटेल.

---

सोडियम_लूप

कृष्णाकाठ, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर एकेरी नाही. मी बरीच वर्षं सोडियमवर काम केलं, आता निवृत्त आहे.

विद्युतचुंबकीय पंपाचं कूळ एकच नाही. द्रव धातूतून मोठा प्रवाह गेला की धातू स्वतःच आकसतो आणि हलतो, हे एडविन नॉर्थ्रप यांनी १९०७ मध्येच लिहिलं होतं. डेन्मार्कच्या हार्टमान यांनी पाऱ्यावर केलेलं काम १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे भट्टीतला प्रत्येक पंप फ्रिजमधून आला असं म्हणणं इतरांवर अन्याय करणारं होईल.

त्यात प्रकार दोन. प्रवाह थेट धातूतून नेणाऱ्या पंपात पातळ भिंतीची चपटी स्टेनलेस नळी असते, दोन्ही कडांना तांब्याच्या जाड पट्ट्या पक्क्या जोडलेल्या. व्होल्टेज अगदी कमी, पण प्रवाह हजारो अँपिअर. वरखाली चुंबक. पट्टी आणि नळीचा जोड हाच त्याचा जीव; तिथे तापमानानं चीर पडली की पंप गेला. दुसरा प्रेरणेचा: जोड नाही, नळीबाहेर वेटोळी, सरकतं क्षेत्र. तुमच्या वर्णनातला फ्रिज या दुसऱ्या घराण्यातला आहे. म्हणून शोधताना 'विद्युतचुंबकीय पंप' एवढंच बघू नका, कुठला ते बघा. स्कॉटलंडच्या डाउनरे भट्टीत प्राथमिक बाजूला चोवीस वेगळे मार्ग होते, सोडियम-पोटॅशियम मिश्रण आणि विद्युतचुंबकीय पंप. ती १९५९ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत आयडाहोच्या ईबीआर-२ या प्रायोगिक भट्टीत दुय्यम सोडियमचा मुख्य पंप प्रेरणेचा होता. आपल्याकडे कल्पाक्कमच्या एफबीटीआर या चाचणी भट्टीत, जी १८ ऑक्टोबर १९८५ ला प्रथम क्रांतिक झाली (म्हणजे तिच्यात साखळी अभिक्रिया स्वतःहून चालू राहिली), मुख्य पंप यांत्रिक आहेत आणि विद्युतचुंबकीय पंप लहान सहायक मार्गांवर. तुमच्या मुलांना हे जवळचं उदाहरण द्या.

तरीही झिलार्ड हा धागा खरा आहे. शिकागोच्या प्रयोगशाळेत युद्धकाळात भट्टी कशानं थंड करायची यावर वाद चालू असताना द्रव बिस्मथ विद्युतचुंबकीय पंपानं फिरवा असा आग्रह त्यांनीच धरला होता. माणूस तोच आणि पंपही तोच. तुमचा कागद १९५० मध्ये नाही, १९४२-४३ मध्ये शोधा.

अहवालांच्या क्रमांकांविषयी: एकाच अहवालाला दोन-तीन क्रमांक असतात आणि नवखा माणूस तिथेच हरतो. शिकागोच्या युद्धकाळातल्या अहवालांना 'सीपी', 'सीसी', 'सीटी', 'सीई' अशी अक्षरं. गुप्तता उठवली की त्याच अहवालाला 'एमडीडीसी' किंवा नंतर 'एईसीडी' असा नवा क्रमांक मिळाला. पुढे 'एएनएल' म्हणजे आरगॉन, 'एचडब्ल्यू' म्हणजे हॅनफर्ड, 'ओआरएनएल' म्हणजे ओक रिज. जुन्या क्रमांकानं मिळालं नाही तर नव्यानं शोधा. सारांशांसाठी न्यूक्लिअर सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स, १९४८ ते १९७६. विषयसूची उत्तम आहे. अहवालांच्या प्रती ओस्टी या अमेरिकन संकेतस्थळावर. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा इनिस हा माहितीसंग्रह १९७० पासूनचा, त्याच्याही आधीचं काही तिथे सापडतं.

आणि मायक्रोफिशच्या यंत्राची वाट पाहू नका. अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या ऑगस्ट १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे खंड आधी बघा. होमी भाभा अध्यक्ष होते ती. तोवर झाकून ठेवलेलं बरंच काम तिथे पहिल्यांदा उघड झालं. नववा खंड भट्टी तंत्रज्ञानाचा. छापील संच जुन्या विज्ञान संस्थांत असतो, हाताळायला यंत्र लागत नाही, आणि प्रत्येक निबंधाखाली संदर्भ आहेत.

---

दावा_पहिला

सोडियम_लूप काकांच्या १९४२ च्या मुद्द्याला जोडून: एमआयटी प्रेसनं १९७२ मध्ये झिलार्ड यांच्या वैज्ञानिक लेखनाचा खंड काढला, त्यात पेटंटं आणि युद्धकाळातली कागदपत्रंही घेतली आहेत. मूळ कागद सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत आणि त्यांची सूची ऑनलाइन वाचता येते. सूचीत पेटंटांचा भाग वेगळा आहे, तिथून सुरू करा. विद्यापीठाच्या विशेष संग्रहांना ईमेल करताना नेमका खोका आणि फोल्डर क्रमांक दिलात तर उत्तर लवकर येतं.

---

कृष्णाकाठ

ताई, काका, मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज ३०३०६५ उतरवलं आणि ट्रेडच्या मुलांसमोर आकृती लावली. दोन वर्षं कॉम्प्रेसर खोलणाऱ्या मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो तेलाचा: पिस्टनच धातूचा द्रव असेल तर वंगण कशाला? बरोबर आहे, तेल लागतच नाही, आणि लेखात हा मुद्दा आता वर आणतोय.

लेखाची मांडणीही बदलतोय. 'फ्रिजचा पंप भट्टीत गेला' हे वाक्य काढून नॉर्थ्रप आणि हार्टमान यांना त्यांची जागा देतो, आणि झिलार्ड यांच्यापाशी थांबून १९४२-४३ चे शिकागोचे अहवाल मागवतो. सॅन डिएगोला पत्राचा मसुदा लिहितोय, दावा_पहिला, पाठवण्याआधी तुम्ही एकदा डोळ्यांखालून घालाल का? इझारच्या_काठी, जर्मन क्रमांकांची यादी रविवारपर्यंत व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, कोरोदी यांच्या नावाचाही शोध त्यात धरतो.

एक मागणी उरलीच: जिनिव्हाचा नववा खंड मुंबई-पुण्यात कुणाच्या पाहण्यात असेल तर द्रव धातूच्या पंपांवरच्या निबंधांची शेवटची, संदर्भांची पानं तेवढी फोटो काढून इथे टाका. मला स्वतःला दिवाळीच्या सुट्टीशिवाय निघता येणार नाही आणि अंक त्याआधी छापायला जातोय.