सिकल निगेटिव्ह आलं तरी पोरीचे डोळे पिवळेच. अँकायरिन म्हणजे काय, कोणी सांगाल का?

वणीकडचा_बाप
नमस्कार मंडळी. माही पोरगी ७ वर्षाची आहे. दोन वर्षापासून तिचे डोळे मधातच पिवळे होते मग उतरते, खेळता खेळता बसून जाते. आमच्या इकडे डोळे पिवळे अन् रक्त कमी म्हटलं का पहिले सिकल सेल हा रक्ताचा आजारच डोक्यात येते, आशाताईनं पण तेच म्हटलं, सिकलची सोल्युबिलिटी टेस्ट केली निगेटिव्ह, मग एचपीएलसी ही दुसरी टेस्ट केली ते पण नॉर्मल. दीड वर्ष लोहाच्या गोळ्या चारल्या पण हिमोग्लोबिन ८ च्या वर काही जाऊन नाही राहिलं. आता नागपूरच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, पानथरी (प्लीहा) वाढली म्हणे, जीन टेस्ट केली, रिपोर्टमध्ये एएनके१ लिहून आहे. आजाराचं नाव हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस, पेशीच्या आवरणातलं अँकायरिन प्रोटीन बिघडलं असं सांगतलं. बाहेर लाईन होती, जास्त विचारता नाही आलं. सिकल नाही तर हे काय आहे? पुढे पानथरी काढा लागू शकते म्हणते, एवढ्याशा लेकराची? अन् घरी बाया म्हणून राहिल्या का हिच्या माहेरचंच रक्त खराब, बायको रोज रडते.

स्लाईडवाली_ताई
दादा, आधी वहिनीला सांगा रडू नका. मी चंद्रपूर जिल्ह्यात लॅबमध्ये १४ वर्षं आहे, रोज सिकलच्या स्लाईड बघते. सिकलमध्ये बिघाड आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो, तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, पेशीची पिशवी म्हणजे बाहेरचं आवरण कमजोर आहे, म्हणून सिकलच्या दोन्ही टेस्ट नॉर्मल आल्या, त्या चुकल्या नाहीत. स्लाईडवर नॉर्मल लाल पेशी मध्ये फिकी दिसते, कडेला गडद, अनरशासारखी मधे दबलेली. या आजारात मधला फिका भागच गायब, बारीक गोल गडद ठिपके, मसुराच्या डाळीच्या जागी मोहरी पडल्यासारखं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं स्लाईडच खराब झाली, पुन्हा केली तरी तेच. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एमसीएचसी (पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते) वाढलेलं आणि रेटिक (नव्या कोवळ्या लाल पेशी) जास्त असेल तर संशय घ्यायलाच पाहिजे, आपल्याकडे सिकल निगेटिव्ह आलं की फाईल बंद होते याचं मला फार वाईट वाटतं. आणि लोहाचं, अंगात लोह कमी आहे असं तपासून निघालं तरच द्यायचं. इथे पेशी तुटून लोह अंगातच राहतं, कमी पडतं ते फॉलिक ॲसिड, नव्या पेशी भराभर बनवायला तेच लागतं, ते डॉक्टरांना विचारून सुरू करा.

पेशी_आणि_माती
अँकायरिनचं मी सांगतो, एमएस्सीला हाच विषय होता. घरची बाज डोळ्यासमोर आणा. सुतळीचं विणकाम म्हणजे स्पेक्ट्रिन, पेशीच्या आवरणाला आतून जाळीसारखं धरून असतं. ती सुतळी माच्याला जिथे गाठ मारून बांधता ती गाठ म्हणजे अँकायरिन, एका बाजूनं स्पेक्ट्रिन धरतं, दुसऱ्या बाजूनं आवरणात रुतलेलं बँड ३ नावाचं प्रोटीन. नावच ग्रीकमधल्या नांगरावरून आलंय, आपला वावरातला नांगर नाही, जहाजाचा. गाठी कमी पडल्या की आवरणाचे बारीक बारीक बुडबुडे सुटून जातात, आतला माल तेवढाच पण पिशवी आखूड, मग चपटी पेशी गोल होते. गोल झालेली घडी पडत नाही. पानथरीत पेशीला स्वतःपेक्षा अरुंद फटीतून दुमडून निघावं लागतं, ही निघू शकत नाही, तिथेच अडकून मरते. नॉर्मल पेशी १२० दिवस जगते, ही त्याच्या कितीतरी आधी जाते, तुटलेल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं म्हणून डोळे पिवळे, आणि तेच साचून कमी वयात पित्ताशयात खडे होतात. सोनोग्राफी अधूनमधून करत राहा.
गुगलवर अँकायरिन शोधाल तर हृदय आणि मेंदूचं वाचून घाबराल, म्हणून आधीच सांगतो. हृदयातलं अँकायरिन-बी वेगळ्या जीनचं, एएनके२ चं, २००३ साली एका फ्रेंच कुटुंबात त्याच्या बिघाडामुळे ठोके बिघडतात हे सापडलं. मज्जातंतूतलं अँकायरिन-जी एएनके३ चं. तुमच्या रिपोर्टमध्ये एएनके१ आहे, ते मुख्यतः रक्ताचं.
आणि माहेरचं रक्त वगैरे डोक्यातून काढा. हा बिघाड आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, कधी दोघांमध्ये काहीच नसताना लेकरात नव्यानंच होतो.

कापूस_वेचणारा
मी स्वतः याच आजाराचा, वय २६. माही पानथरी ९ व्या वर्षी काढली. माह्या वडिलांना पण आहे, त्यांचे डोळे आयुष्यभर थोडे पिवळेच, कोणी कधी तपासलं नाही, माह्यामुळे कळलं. ऑपरेशननंतर पेशी गोलच राहिल्या पण त्या मारणारी जागा गेली, हिमोग्लोबिन १३ च्या आसपास असते, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालतो. पण भाऊ घाई करू नका. पानथरी जंतूंपासून वाचवते, म्हणून साधारण ६ वर्षाच्या आत काढणं टाळते, अन् सगळ्यांचीच काढा लागते असं पण नाही. काढायची ठरली तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस अन् हिब या जंतूंच्या लसी आधी घ्या लागते. मले आजही ताप आला तर माय रात्री १२ ला पण गाडी काढायला लावते, सकाळपर्यंत थांबत नाही, अन् तिचं बरोबर आहे.
एक गोष्ट लक्षात ठेवा, साध्या व्हायरल तापानंतर पोरगी एकदम पांढरी फट पडली, उठवत नसली, तर डोळे पिवळे आहेत का बघत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. पार्वो नावाचा व्हायरस हाडातलं रक्त बनणं काही दिवस बंद करते, मले ७ व्या वर्षी झालं होतं, दोन बाटल्या रक्त लागलं.

वणीकडचा_बाप
ताई, भाऊ, सगळ्यांचं वाचलं, बायकोले मोठ्यानं वाचून दाखवलं, बाजेचं दोनदा. मग मी माह्या मायले विचारलं. माय म्हणते, तुहे डोळे पण लहानपणी पिवळे राहायचे, गावच्या वैद्याकडून कावीळ उतरवून आणायचे, अन् मोठ्या काकाचं खड्याचं ऑपरेशन तिशीतच झालं होतं. हे तिनं आजवर कोणाले सांगतलंच नव्हतं. सोमवारी मी माहंच रक्त देऊन येतो, सीबीसी अन् स्लाईड दोन्ही लिहून घेतलं आहे. रिपोर्ट आला का इथं टाकतो.