सरकारी जंगलात शिशाच्या गोळीवर बंदी हवी का?

रानवाट:
अमेरिकेत सरकारी जंगलात परवाना काढून हरीण मारता येतं. पाडलं की तिथेच पोट फाडतात, मांस घरी नेतात आणि कोथळा रानात टाकून देतात. शिशाची गोळी आत फुटून तिचे कण जखमेपासून लांबवर पसरतात, आणि कोथळ्याबरोबर गिधाड-गरुडांच्या पोटात जातात. 1982 साली कॅलिफोर्निया कॉन्डॉर (तिथलं मोठं गिधाड) जेमतेम 22 उरले होते. आजही ते सगळ्यात जास्त मरतात ते शिशानेच. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिसं बंद केलं, तसं सगळीकडे व्हावं. जमीन सगळ्यांची आहे.

चापओढ्या:
सगळ्यांची आहे, पण तिथल्या प्राण्यांसाठी खिशात हात कोण घालतं? 1937 च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीव खात्यांना जातो. रायफलवर 11 टक्के. तो आम्ही भरतो. शिशाऐवजी घ्यायची तांब्याची गोळी महाग, आणि प्रत्येक जुन्या रायफलला ती मानवत नाही. नेम चुकून जनावर जखमी पळालं तर ते कुणाच्या माथी? ॲरिझोनात 2005 पासून कॉन्डॉरच्या टापूत शिशाविना काडतुसं फुकट देतात. सक्ती नाही, तरी बहुतेक जण ती वापरतात, नाहीतर कोथळा उचलून आणतात.

रानवाट:
बहुतेक. कॉन्डॉर घोळक्याने जेवतात हो, उरलेल्यातला एक कोथळा पुरतो.

गळकरी:
फक्त बंदुकवाल्यांना का धरताय? आमची गळाची दोरी तुटली की शिशाचं वजन तळ्याच्या बुडाशी. लून पक्षी अन्न दळायला खडे गिळतो, त्यात हेही गिळतो आणि मरतो. मी टंगस्टन घेतलं. खिसा रडला, पण वजन आकाराने लहान, तळाचा दगड बोटाला कळतो.

पाणथळ:
बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत. तेव्हाही हीच ओरड होती: पोलादाच्या छर्ऱ्याने बदक नुसतं जखमी होतं, नळी खराब होते. जुन्या नळ्यांना धोका होता हे खरं. पोलाद हलकं, लांबवर जोर राहत नाही, हेही खरं. मग लोक मोठा छर्रा घेऊन जवळून मारायला शिकले. शिकार काही थांबली नाही.

चापओढ्या:
पोलाद पुढे स्वस्त झालं, म्हणून खपलं. तांब्याचं तसं होऊ द्या, मग बोलू. तोवर कोथळा उचलायचा नियम करा, माझी सही पहिली.

रानवाट:
एल्कचा, म्हणजे त्या थोरल्या हरणाचा, कोथळा डोंगरावरून खांद्यावर आणलाय कधी?

चापओढ्या:
एकदा. दोन फेऱ्या लागल्या.