जिन्याखाली पडलेली जुनी माउंटन बाइक: सीट पोस्ट जाम, शिफ्टरला खटका नाही, रंग काढू का?

रानवाट
नमस्कार मंडळी. मोठ्या भावाची माउंटन बाइक कित्येक वर्षं जिन्याखाली पडून होती, ती आता घरीच चालती करायला घेतलीय. स्टीलची फ्रेम आहे, क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) स्टिकर अजून वाचता येतो, पुढे सस्पेन्शन नाही, साधा चिमटा, कँटिलिव्हर ब्रेक (मधली आडवी तार वर ओढली की दोन्ही बाजूंचे हात आवळणारे), पुढे 3 आणि मागे 7 गिअर. शिमानो कंपनीच्या क्रँकच्या (पॅडल बसतं तो दांडा) मागच्या अंगाला पी आणि ई अशी दोन अक्षरं आहेत, त्यावरून साल कळतं का?
अडलंय ते असं. सीट पोस्ट (सीटखालची दांडी) जागची हलत नाही, सीट धरून पिळली तर अख्खी सायकल फिरते. गिअर बदलायचा उजवा शिफ्टर दाबला की नुसता पोकळ हलतो, खटका लागतच नाही. रंग जांभळ्यातून हिरव्यात जाणारा आहे पण जागोजागी टवके उडालेत आणि गंज दिसतोय. ओळखीचे एक म्हणाले सँडब्लास्ट करून नवा रंग मारून टाक. भावाने ही फार जपून वापरली होती त्यामुळे हातून काही बिघडू नये असं वाटतंय.

छर्रे आणि ग्रीस
ताई, रंगाला हात लावू नका, आधी हेच सांगतो. असा फिकट होत जाणारा रंग आणि ते स्टिकर एकदा गेले की परत येत नाहीत, आणि चांगल्या क्रोमोली ट्यूबची भिंत मधल्या भागात 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तिच्यावर अंदाज नसलेल्या माणसाने वाळूचा मारा केला तर काय उरेल! टवक्यांतला गंज बारीक पॉलिश पेपरने तेवढ्यापुरता घासा, वर जवळपासच्या रंगाचा ठिपका द्या, बस. क्रोम केलेल्या भागांवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, गंज निघतो.
पी ई म्हणजे मे 1991. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे 1976 पासून मोजायचं, दुसरं महिन्याचं. ही तारीख त्या पार्टची असते, सायकल त्यानंतर जोडलेली.
आणि खर्च करण्याआधी एक बघा. हँडलखालून तिरकी खाली येणारी जी ट्यूब आहे तिच्या वरच्या टोकाला, खालच्या बाजूने, बोट फिरवा. लाट किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून जोरात आपटलेली आहे, मग ती फ्रेम चालवायची नाही.

उलटे आटे
सीट पोस्टवर बोलतो कारण यात मी एक फ्रेम गमावलीय. लांब पाइप अडकवून जोर लावला आणि क्लॅम्पपाशी जी खाच असते तिथून ट्यूब उभी चिरली. घाई केली, दुसरं काही नाही.
पोस्ट अ‍ॅल्युमिनियमची, ट्यूब स्टीलची, मधे ओल गेली की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरा थर धरतो आणि तो फुगून पोस्ट आवळतो. वरून तेल सोडून फार काही होत नाही, ते खाली पोचायला हवं. म्हणून आधी क्रँक काढा (पुलर लावून, हातोडीने नाही), मग बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतात तो आस आणि तो धरणारे दोन आटेवाले कप). बहुतेक माउंटन बाइकना उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, इथे खूप जण उलट आवळून बसतात. डाव्या पॅडलचंही तसंच. मग फ्रेम उलटी टांगा आणि खालच्या भोकातून सीट ट्यूबमध्ये गंज सोडवायचं तेल ओता. रोज थोडं, आठवडाभर. मग सीट काढून पोस्टचं डोकं शेगड्यात (व्हाइसमध्ये) घट्ट पकडा आणि अख्खी फ्रेम पुढच्या भागाला धरून हळूहळू फिरवा, पुढे मागे. मागच्या बारीक नळ्यांना धरून जोर लावू नका, त्या वाकतात. पोस्टचा बळी जाईल, जाऊ दे. फिरवण्याआधी पोस्टच्या पोकळीत बर्फ भरला तर अजून बरं, अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं.

खटका
शिफ्टर मेलेला नसणार. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं आणि बारीक खटके स्प्रिंगने परत जागेवर येत नाहीत. उघडू नका, आत इतक्या बारीक स्प्रिंगा असतात की एक उडाली की शोधत बसाल. केबल काढा, डिग्रीजर भरपूर मारा, शंभरदा दाबा, काळं पाणी गळेल, परत मारा. सुकल्यावर पातळ तेलाचे दोन थेंब.
ब्रेक गुटके मात्र फेकाच, जुनं रबर दगड होतं. आणि पुढच्या कँटिलिव्हरची मुख्य केबल तुटली तर आडवी तार टायरच्या गुठळ्यांत अडकून चाक जागीच जाम होऊ शकतं, माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून केबल नवीच घाला आणि चिमट्यावर जुना रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट असेल तर काढू नका, तो ती तार अडवतो.
टायर घेताना नुसतं 26 इंच म्हणू नका, बाजूवर 559 (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) छापलेलं बघा. 590 पण 26 इंचीच म्हणून मिळतो, तो बसत नाही.

रानवाट
नऊ दिवसांनी लिहितेय. शिफ्टर दुसऱ्याच दिवशी बोलायला लागला, तिसऱ्यांदा डिग्रीजर मारल्यावर टक् असा आवाज आला आणि मी भावाला फोन लावून तो आवाज ऐकवला. पोस्ट काल संध्याकाळी सुटली. आधी कर्रकन आवाज झाला, वाटलं फ्रेम गेली, पण क्लॅम्पच्या कडेला पांढरी पूड दिसली आणि मग केसभर फिरली. बाहेर यायला तासभर लागला. खालच्या टोकाला 26.8 (जाडी, मिलिमीटरमध्ये) कोरलंय. सीट ट्यूबच्या आत बोट घातलं तर खरखरीत लागतंय, नवी पोस्ट घालण्याआधी काय करू?

उलटे आटे
जिंकलात! बाटली घासायचा गोल ब्रश आणि पॉलिश पेपर, पूड पूर्ण निघेपर्यंत. मग आतून तेलाचा हात, पोस्टला भरपूर ग्रीस, आणि 26.8 चीच घ्या, 26.6 चालेल असं कोणी म्हटलं तरी नाही, क्लॅम्प आवळून आवळून ती खाच फाटते. दर दोन महिन्यांनी पोस्ट काढून परत ग्रीस लावा.