जुनी सोलो कनू: काठाजवळचा तडा चालेल का?

मदत हवी आहे. शांत तलावात एकट्याने वल्हवायला जुनी कनू (हलकी, अरुंद होडी) बघतोय, नवी परवडत नाही. गाडीच्या टपावर एकट्यानेच चढवायची, म्हणून २५ किलोच्या आतलीच हवी. एक १४ फुटी रॉयलेक्सची (थर असलेल्या प्लास्टिकची) बजेटात बसतेय. हे मटेरियल २०१४ नंतर बनत नाही, त्यामुळे सोडवतही नाही.

उलटी करून तपासली. तळ अंगठ्याने दाबला तर दबत नाही, ओरखडे वरवरचे. पण लाकडी काठाच्या एका स्क्रूखाली बोटभर तडा आहे, त्यात नख अडकतं. आतून काही दिसत नाही. थंडीत लाकूड आणि प्लास्टिक सारख्याच प्रमाणात आकसत नाही, त्याने स्क्रूपाशी तडे जातात, त्यातलाच हा असावा.

इपॉक्सी आणि फायबरग्लास कापडाचं काम जमतं. असा तडा दुरुस्त केलेल्यांनी सांगा: टोकाला भोक पाडून भरला तर थांबतो, की पुढच्या थंडीत वाढतो?